साहस कुणाचं, धडा कुणाचा?

मुलाच्या हातात साहसकथा देताना आईबापांच्या मनात एक हिशेब असतोच. मूल रमेल, चार पानं जास्त वाचेल आणि जाता जाता काही चांगलं उचलेल. ख्रिस्ती घरात या हिशेबात श्रद्धाही येते. वादळ हवं, गुहा हवी, बर्फानं भरलेली खिंड हवी. पण पुस्तक मिटताना लेकराचं मन देवाकडे वळलेलं हवं. इंग्रजीत अशा पुस्तकांची परंपरा साडेतीनशे वर्षांची आहे. मराठीतही तिची मुळं जुनी आहेत, फक्त आपल्याला त्यांचा विसर पडला आहे.

भिवंडीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. यंत्रमागांचं आणि गोदामांचं हे शहर. मुसलमान विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तरेकडचे कामगार, भोवतालची आगरी-कुणबी गावं, आणि या सगळ्यांत थोडी मराठी ख्रिस्ती घरं. इथं एका मुलाच्या हातातलं पुस्तक संध्याकाळपर्यंत शेजारच्या घरी गेलेलं असतं. म्हणून ‘आपल्या मुलांसाठी’ लिहिलेली गोष्ट इथं फक्त आपल्या मुलांची राहत नाही.

पुढचा संवाद मी बांधलेला आहे. त्यातल्या दोन्ही बाजू मात्र ऐकलेल्या आहेत. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, मूळ घराणं नगरकडचं, रविवारच्या शाळेत अजूनही मुलांना गोष्टी सांगतात. भाचा पूर्णा-काल्हेरच्या पट्ट्यातल्या एका गोदामात काम करतो. दहा वर्षांच्या मुलीचा बाप आहे.

भाचा: आत्या, तू नाताळात दिलेलं पुस्तक पोरीच्या आधी मीच वाचून काढलं. पॅट्रिशिया सेंट जॉन यांचं ‘ट्रेझर्स ऑफ द स्नो’. ल्यूसियन बर्फातून खिंड ओलांडतो, ती पानं वाचताना मी जागचा हललो नाही. पण पुस्तक संपल्यावर मनात किंतु राहिला. बाई गोष्ट सांगत होत्या, की गोष्टीच्या आडून उपदेश करत होत्या?

आत्या: दोन्ही करत होत्या आणि त्यांनी ते लपवलेलं नाही. मोरोक्कोत परिचारिका म्हणून राबलेल्या मिशनरी बाई त्या. पुस्तक १९५० चं. महायुद्ध संपून पाच वर्षं झालेली, सगळा युरोप द्वेषानं पोळलेला. अशा वेळी मुलांना क्षमेची गोष्ट सांगावीशी वाटली, त्यात वावगं काय? आणि सांगितली कशी ते बघ. ल्यूसियन चिडवण्यासाठी छोट्या डॅनीचं मांजराचं पिल्लू दरीवर धरतो. पिल्लू निसटतं, त्याला वाचवायला गेलेला डॅनी कोसळतो आणि पायानं अधू होतो. डॅनीची बहीण ॲनेट मनात डूख धरते आणि ल्यूसियननं जीव ओतून कोरलेला लाकडी घोडा फोडून टाकते. जिच्यावर अन्याय झाला तीच आता अन्याय करते. नुसत्या उपदेशाच्या पुस्तकात असं होत नाही, त्याला गोष्टच लागते.

भाचा: तिथवर मी तुझ्याबरोबर आहे. पण शेवट? ल्यूसियन मोठ्या डॉक्टरला गाठतो आणि डॅनीचा पाय बरा होतो. खऱ्या आयुष्यात क्षमा केली म्हणून पाय बरे होत नाहीत. रॅकवरून पडून कंबर गेलेला एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या घरी किती प्रार्थना झाल्या ते मला माहीत आहे. तो आजही काठी टेकत चालतो. उद्या माझी मुलगी विचारेल, त्या काकांची प्रार्थना कमी पडली का? तिला मी काय सांगू?

आत्या: तो प्रश्न तिनं विचारायलाच हवा. या पुस्तकात निदान क्षमा आधी होते आणि पाय नंतर बरा होतो. बक्षिसाच्या आशेनं कुणी क्षमा करत नाही. पण तुझा आक्षेप मी उडवून लावणार नाही. श्रद्धेच्या साहसकथेचा मोठा दोष हाच आहे की लेखकाला देवाची बाजू सांभाळायची घाई असते. म्हणून तो शेवटच्या प्रकरणात सगळ्यांचं देणं चुकतं करून टाकतो. पवित्र शास्त्राला ही घाई नाही. प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय काढ. पौल कैदी म्हणून जहाजावर आहे. चौदा दिवस वादळ. सूर्य नाही, तारे नाहीत. खलाशी मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडायची वाट बघतात. पुढं धान्य समुद्रात लोटून देतात. कैदी पळून जातील म्हणून शिपाई त्यांना मारायला निघतात, त्यांचा अधिकारीच त्यांना अडवतो. जहाज फुटतं आणि दोनशे शहात्तर माणसं पोहत, फळ्यांना धरून मालटा बेटाच्या किनाऱ्याला लागतात. एवढ्या संकटातून वाचून पौल पोचतो कुठं? रोममध्ये, पहाऱ्यात. सुटका झाली की नाही ते पुस्तक सांगतच नाही. ही साहसकथाच आहे आणि तिच्या शेवटी बक्षीस नाही.

भाचा: मग मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी तो कित्ता का गिरवला नाही? ‘द कोरल आयलंड’ घे. आर. एम. बॅलंटाइनची ही कादंबरी १८५७ च्या अखेरीस आली. जहाज फुटून तीन मुलं बेटावर येतात, चाचे येतात, नरभक्षक येतात. शेवटी बेटावरचा राजा ख्रिस्ती होतो, मूर्ती जाळल्या जातात आणि मुलांची सुटका होते. बॅलंटाइननं प्रवाळाचं बेट कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. त्याच्या पुस्तकात नारळ झाडावर कसे लागतात? इंग्लंडच्या दुकानात सोललेले मिळतात तसे! वाड्यातल्या कुठल्याही पोराला हसू येईल. ज्याला नारळाचं सोडण माहीत नाही, तो त्या बेटावरच्या माणसांच्या मनात काय चाललंय ते छातीठोक सांगतो. नारळ चुकला तर हसून सोडून देता येतं. माणसं चुकली तर पिढ्यान्‌पिढ्या त्यांना रानटी ठरवलं जातं.

आत्या: त्याचं उत्तर त्यांच्याच भाषेत आलं की. विल्यम गोल्डिंगनं १९५४ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ लिहिली. बॅलंटाइनच्याच मुलांची नावं घेतली, राल्फ आणि जॅक, आणि दाखवलं की रानटीपणा बेटावर नव्हता, तो मुलांबरोबर तिथं गेला. पाप बाहेरच्या माणसात शोधू नकोस, स्वतःत शोध. माझ्या मते हे बॅलंटाइनपेक्षा जास्त ख्रिस्ती आहे.

भाचा: गोल्डिंगचं सोड, आपलं काय? बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ त्याच १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण अभिमानानं सांगतो. पण तिचा ओघ कुठं जातो? यमुना ख्रिस्ती धर्माकडेच जाणार हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. म्हणजे प्रवास तिचा आणि मुक्काम लेखकानं आधीच पक्का केलेला.

आत्या: ओघ तिकडे जातो, खरं आहे. पण वाटेत काय दिसतं तेही सांग. विधवापुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. त्याला वर्ष होतं न होतं तोच हा पंचविशीतला माणूस, बेळगावचा, स्वतः घरच्यांचा रोष पत्करून १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, एका तरुण मुलीला नवऱ्याबरोबर प्रवासाला धाडतो. जागोजाग तिला विधवा भेटतात. त्यांच्या कहाण्या ती ऐकून घेते. पुढं तिच्यावरच वैधव्य येतं आणि ती पुन्हा लग्न करते. त्या काळी बाईनं प्रवासाला निघणं हेच साहस आणि दुसऱ्या बाईचं दुःख ऐकून घेणं त्याहून मोठं. यमुनेचा मुक्काम ठरलेला असेल, पण तिला भेटलेल्या बायकांचं दुःख कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. म्हणून ते पुस्तक अजून जिवंत आहे.

भाचा: म्हणजे धडा बाजूला काढला तरी जे उरतं त्यामुळं पुस्तक टिकतं. मग धडा हवाच कशाला?

आत्या: कारण धड्याच्या ओढीमुळंच लेखक त्या विधवांपर्यंत पोचला. श्रद्धा नसती तर पदमनजींनी राजा-राणीच्या अद्भुत कथा लिहिल्या असत्या, पुढं कित्येकांनी लिहिल्या तशा. धडा हे लेखकाच्या चालण्याचं बळ आहे. वाचकाच्या पाठीवर मात्र त्यानं ते ओझं देऊ नये.

भाचा: बरं, मग माझी दुसरी अडचण ऐक. आमच्या मजल्यावर पाच घरं. पोरीची जिवलग मैत्रीण मुसलमान. दोघी मिळून नार्निया वाचतात. सी. एस. लुईसची सात पुस्तकं, १९५० ते १९५६ या काळातली. पहिलं दोघींनाही आवडलं. घरात असल्यासारख्या त्या जगात फिरत होत्या. मग ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ हातात आलं. त्यात दक्षिणेचं एक राज्य आहे, कॅलॉर्मेन. तिथले लोक सावळे, डोक्याला पागोटी, कमरेला वाकड्या तलवारी, आणि त्यांचा देव क्रूर. त्या मैत्रिणीनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘हे आमच्यासारखे का दिसतात?’ आत्या, मला उत्तर सुचलं नाही. ज्या शहरानं १९७० ची दंगल पाहिली, १९८४ ची पाहिली, त्या शहरात मी असं पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं?

आत्या: लुईसनं तिथं जे केलं त्याचं समर्थन मी करणार नाही. मात्र त्याच पुस्तकात ॲरॅव्हिस आहे. ती कॅलॉर्मेनचीच मुलगी, घोड्यावर बसून लादलेल्या लग्नातून पळ काढणारी, आणि कुणाहून कमी शूर नाही. शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा तरुण कॅलॉर्मेनी शिपाई आहे. तो आयुष्यभर दुसऱ्याच देवाला मनापासून भजत आला. सिंहासमोर, अस्लानसमोर, उभा राहतो तेव्हा त्याला वाटतं, आता संपलं. अस्लान त्याला जवळ घेतो आणि सांगतो की खऱ्या मनानं केलेली ती सगळी सेवा माझ्याच पदरी जमा झाली आहे. कर्मठ वाचकांनी यावरून लुईसला आजवर फैलावर घेतलं आहे. म्हणजे ज्या लेखणीतून तो पागोट्यांचा पूर्वग्रह उतरला, त्याच लेखणीतून हा माणूसही आला. मुलींना दोन्ही वाचू दे. त्या मैत्रिणीचा प्रश्न मात्र दाबू नकोस. तिचा प्रश्न लुईसच्या एका पुस्तकापेक्षा मोठा आहे.

भाचा: दोघींना एमेथपर्यंत जाईस्तोवर धीर धरायला सांगू? सहावं-सातवं पुस्तक येईपर्यंत त्या मुलीनं अपमान गिळायचा? नाही आत्या. समोरच्याला दुखवून नंतर समजूत काढणं, हा धडा मला नको आहे.

आत्या: मग तुला कसली गोष्ट हवी ते सांग. नुसतं नको म्हणून मुलांचं पोट भरत नाही.

भाचा: मला अशी गोष्ट हवी जिच्यात ‘नाही’ म्हणणाऱ्याला पूर्ण जागा असेल. बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ बघ. तू लहानपणी मला ते सांगायचीस. राक्षस, दलदल, संशयाचा किल्ला, सगळं मला आवडायचं. पण सुरुवातच मला खुपायची. नायक पाठीवर ओझं घेऊन पळत सुटतो. बायको-मुलं ओरडत असतात आणि हा कानात बोटं घालून धावतो. मला त्या मागं राहिलेल्या मुलांचीच काळजी वाटायची. त्यांचं पुढं काय झालं ते मोठं होईपर्यंत मला कळलं नाही.

आत्या: कारण दुसरा भाग मी तुला कधी सांगितला नाही. पहिला भाग १६७८ चा. भांडी सांधणाऱ्या या माणसानं परवान्यावाचून उपदेश केला म्हणून बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं काढली, त्या काळातलं हे बीज. दुसरा भाग १६८४ मध्ये आला. त्यात बायको, ख्रिस्तियाना, चारही मुलांना घेऊन स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर निघते. पहिल्या भागाचं मराठी ‘यात्रिकक्रमण’ हरी केशवजींनी १८४१ मध्येच केलं होतं. आणि आपल्याकडे तो दुसरा भाग भाषांतरापुरता राहिला नाही. एका बाईनं तो जगून दाखवला आणि मग लिहिला.

भाचा: लक्ष्मीबाई.

आत्या: हो. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये आगगाडीनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, कवितेवर बोलला, जाताना नवा करार हातात ठेवून गेला. दोन वर्षांत, फेब्रुवारी १८९५ मध्ये, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही त्यांची साहसकथा. पण लहानग्या दत्तूला घेऊन मागं राहिलेल्या लक्ष्मीबाईंचं काय झालं ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. नातलगांची दारं, टोचणारी बोलणी, नवऱ्याचा राग आणि त्याच्यावरची मायाही. त्या लगेच मागोमाग गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. मनातली जात-पात स्वतःच्या हातांनी उपटून काढली आणि मग १९०० मध्ये स्वतः ठरवून बाप्तिस्मा घेतला. ‘नाही’ला पूर्ण जागा हवी म्हणतोस ना? त्या पुस्तकात पानोपानी ‘नाही’ आहे. म्हणून त्यातला ‘हो’ हिंदू वाचकालाही खोटा वाटत नाही. महाराष्ट्रात घरोघरी ते वाचलं जातं आणि आपण वळवले जातोय असं कुणाला वाटत नाही.

भाचा: हे मला पटतं. पण ते मोठ्यांचं पुस्तक आहे. मुलांसाठी आपल्याकडे काय आहे? अमेरिकन मिशननं १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ काढला. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ त्यानंतर आठ वर्षांनी, १८८१ मध्ये आलं. म्हणजे मराठी मुलांच्या मासिकांमध्ये आपण पहिल्या फळीत होतो. आणि आज? आमच्या गोदामात पुस्तकांची खोकी येतात. चित्रमय बायबल येतं, नोहाचं तारू येतं, परदेशी साहसमालिका येतात. गुळगुळीत कागद, बर्फ, किल्ले, सोनेरी केसांची मुलं. मराठी मुलाचं मराठी गावातलं साहस म्हणशील तर एकही खोकं मी अजून उचललेलं नाही.

आत्या: चरित्रं आहेत रे. पंडिता रमाबाईंची कितीतरी छोटी पुस्तकं आहेत.

भाचा: आहेत, पण कशी? पहिल्या पानापासून त्या संत. त्यांना कधी थंडी वाजत नाही, राग येत नाही, शंका येत नाही. मुलगी दोन पानांत पुस्तक ठेवून देते.

आत्या: मग ज्यांना थंडी वाजत होती त्या रमाबाई तिला सांग. जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मुलीला संस्कृत शिकवतात म्हणून लोकांच्या डोळ्यांत सलणारे. सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थामागून तीर्थ चालतं. दुष्काळ येतो. आईवडील जातात, थोरली बहीण जाते. उरतात रमा आणि तिचा भाऊ, अनवाणी, उपाशी. उत्तरेत झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नाही. दोघं वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणतात, त्यात शिरतात आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतात. अशी रात्र काढतात. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. कुठल्या कादंबरीकाराला एवढं सुचलं असतं?

भाचा: आणि या प्रसंगात त्या ख्रिस्ती नाहीत.

आत्या: नाहीत. हिंदू तीर्थयात्री आहेत. बाप्तिस्मा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८८३ मध्ये, इंग्लंडात. पण गोष्ट तिथंच थांबवायची नाही. इंग्लंडात ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच रमाबाई धर्ममतांवरून वाद घालतात. मला पटेल तेच मानीन, असं आपल्या उपकारकर्त्यांच्या तोंडावर सांगतात. मांसाहार करत नाहीत. पुढं १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडतो, तेव्हा ही बाई स्वतः तिकडे जाते आणि उपाशी मुलींना घेऊन केडगावला येते. का जाते? कारण वाळूत पुरून घेतलेल्या त्या मुलीला भूक माहीत होती. आता मला सांग, यातला धडा वेगळा काढून शेवटी चौकटीत छापायची गरज आहे का?

भाचा: नाही. पण आपली मंडळी छापतील. पाळकसाहेब म्हणतील, शेवटी वचन घाला, नाहीतर मुलांना कळणार नाही.

आत्या: कळतं. मुलांना न कळण्याची भीती मोठ्यांनाच असते. प्रभूनं स्वतः सांगितलेली शोमरोन्याची गोष्ट घे. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता, पंचवीसेक किलोमीटरमध्ये सुमारे हजार मीटरचा उतार, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, लुटारूंची जागा. एकाला अर्धमेला करून टाकून दिलंय. याजक बघून जातो, लेवी बघून जातो. थांबतो तो शोमरोनी. ऐकणाऱ्यांच्या लेखी तो वैरी, बाटगा, पलीकडचा. ही गोष्ट कुणाला सांगितली? एका शास्त्र्याला, ज्यानं विचारलं होतं की माझा शेजारी कोण. आणि गोष्ट संपल्यावर प्रभू उत्तर देत नाही. त्या शास्त्र्यालाच विचारतो, यांतला शेजारी कोण ठरला? धडा ऐकणाऱ्याच्या तोंडून येतो. लेखकानं घ्यावा तो कित्ता हा.

भाचा: आणि नायक आपल्यातला नाही, पलीकडचा आहे. बॅलंटाइनच्या बरोबर उलट.

आत्या: तेच म्हणतेय.

भाचा: मग ती गोष्ट इथं घडवता येईल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबई जळत होती. १९८४ मध्ये जे झालं ते आठवून सगळ्यांना वाटत होतं की आता भिवंडी पेटणार. भिवंडी शांत राहिली. त्यामागं काही वर्षांची तयारी होती. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. एकाच गल्लीतले हिंदू आणि मुसलमान एका खोलीत बसायचे, बरोबर त्या भागातला साधा पोलीस. नळाचं भांडण, पोरांची मारामारी, मिरवणुकीचा रस्ता, असले विषय. वर्षानुवर्षं अशी कंटाळवाणी बैठक घेतलेल्या माणसांनी त्या हिवाळ्यात अफवा आली की ती दारातच अडवली. खोपड्यांनी पुढं यावर पुस्तकही लिहिलं. मुलांच्या साहसकथेला याहून चांगली जागा कुठली?

आत्या: आणि त्या गल्लीतलं एखादं ख्रिस्ती पोर?

भाचा: असू दे, पण त्यानं सगळ्यांना वाचवायचं नाही. ते मी चालवून घेणार नाही. अंधारात एक निरोप घेऊन दोन घरांमधून जायचं त्याच्या वाट्याला यावं. जायचं की नाही हे त्यानं ठरवावं. भीतीनं मागं फिरावं, मग पुन्हा निघावं. आणि त्याला दार उघडून आत घेणारी बाई शेजारची मुसलमान खाला असावी.

आत्या: ते पोर निघण्याआधी प्रार्थना करेल. ते मी गाळू देणार नाही.

भाचा: करू दे. पण ती प्रार्थना ऐकली गेली की नाही हे लेखकानं सांगायचं नाही. आणि खालानंही तिची नमाज पढलेली असावी.

आत्या: चालेल. मात्र तू सगळं समसमान वाटून श्रद्धेची धार बोथट करू नकोस. त्या पोराला येशूचं नाव माहीत असावं आणि त्या नावामुळंच त्याचं पाऊल उचललं जावं. आपल्या मुलांना शेजाऱ्यावर प्रेम करायला शिकवताना आपण कुणाचे आहोत हे सांगायला लाजायचं, हे मला मान्य नाही.

भाचा: लाजू नये. फक्त शेजारच्या मुलीला तीच गोष्ट वाचताना आपण परके आहोत असं वाटू नये. एवढी अट माझी.

दोघांचं पूर्ण एकमत झालेलं नाही आणि ते मी ओढूनताणून करणार नाही. आत्यांना श्रद्धा ठसठशीत हवी आहे, भाच्याला शेजाऱ्याचा मान आधी हवा आहे. पण एका ठिकाणी दोघंही ठाम आहेत आणि मीही तिथंच उभा आहे: गोष्टीत नकाराची वाट खुली असेल तरच होकाराला किंमत येते. ल्यूसियनला घरी बसता आलं असतं. लक्ष्मीबाईंना ‘नाही’वर थांबता आलं असतं. रमाबाईंना कुठंही न जाता सुखानं राहता आलं असतं. साहस म्हणजे दरी किंवा वादळ नव्हे. दुसरी वाट समोर मोकळी असताना अवघड वाट धरणं म्हणजे साहस. ज्या गोष्टीत पात्राला निवड नाही तिथं साहस नाही, आणि जिथं वाचणाऱ्या मुलाला निवड नाही तिथं श्रद्धेचा धडाही नाही, नुसतं पाठांतर आहे.

हे काम मोठ्या प्रकाशनाची वाट बघत थांबायला नको. मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मंडळ्यांमध्ये मुलांची बायबल शाळा, म्हणजे व्हीबीएस, भरते. गोष्टी सांगितल्या जातात, वचनं पाठ करून घेतली जातात. या वर्षी तिथं रमाबाईंची झेलमकाठची रात्र सांगावी, १९९२ च्या हिवाळ्यातली भिवंडी सांगावी. शेवटी धडा सांगू नये. मुलांना विचारावं की तुम्ही असता तर काय केलं असतं, आणि त्यांची उत्तरं, शंकेची आणि नकाराचीसुद्धा, नीट ऐकून लिहून ठेवावीत. मराठी ख्रिस्ती मुलांची पुढची साहसकथा त्या उत्तरांमधूनच लिहिता येईल. ती लिहिणाऱ्याला इथला पाऊस, इथले माग आणि इथले शेजारी ठाऊक असतील, आणि ती वाचायला शेजारच्या घरातलं मूलही हक्कानं येऊन बसेल.